निळा दिसला की मला बोलवा

आमच्या अन्नाच्या कारखान्यातल्या स्वच्छतेच्या ऑडिटच्या अहवालात माझ्या वाट्याला एकच ओळ आली होती. पॅकिंग हॉल आणि वॉश एरिया इथले छताखालचे उघडे बीम-कॉलम साफ करण्याजोगे नाहीत, त्यांच्यातून कण गळण्याची शक्यता आहे. बाकीच्या सगळ्या ओळी क्वालिटीच्या मॅडमकडे गेल्या. ही एक मेंटेनन्सकडे, म्हणजे माझ्याकडे.

त्या बीम-कॉलमवर फायरप्रूफिंगचा लेप फवारलेला होता. करडा, खरबरीत, जवळून पाहिलं तर भिजवून वाळवलेल्या भुशासारखा. सहा वर्षं तो तिथं होता आणि सहा वर्षांत मी एकदाही मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलेलं नव्हतं. ऑडिटरने मात्र शिडी मागवली, वर चढला, काळ्या हातमोज्याचं एक बोट बीमवरून फिरवलं आणि खाली येऊन ते आम्हा सगळ्यांना दाखवलं. बोटावर फिकट भुगा होता. मालाचा की लेपाचा, हे कोणालाच सांगता येईना. "हेच तर मी म्हणतोय," तो म्हणाला.

"रंग मारून टाका," प्लँट मॅनेजर म्हणाले. "शनिवार-रविवारात होईल ना?"

मी "बघतो" म्हणालो. त्या 'बघतो'त पुढचे पाच महिने गेले.

हा लेप काय असतो ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्या स्वभावातूनच आला. स्टील जळत नाही, पण तापलं की ढिलं पडतं. साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि आगीच्या प्रमाणित चाचणीत भट्टी पहिल्या अर्ध्या तासातच ८०० अंशांच्या पुढे गेलेली असते. उघडा बीम अशा आगीत फार वेळ तग धरत नाही. आमचा लेप जिप्सम आणि व्हर्मिक्युलाइट या फुलवलेल्या हलक्या खनिजाचा. जिप्समच्या वजनातला सुमारे पाचवा हिस्सा पाणीच असतं, रासायनिक बंधात अडकलेलं. आग लागली की ते वाफ होऊन निघतं, बरीच उष्णता त्यातच खर्ची पडते आणि स्टीलला तेवढा वेळ मिळतो. उरलेलं काम लेपातल्या हवेचं. म्हणून तो मुद्दाम हलका ठेवतात, घनमीटरला २४० किलोच्या आसपास. काँक्रीटच्या जेमतेम दहावा हिस्सा. नखानं टोकरलं तरी निघतो.

थोडक्यात, आगीच्या माणसाला त्याच्यात जे आवडतं तेच सफाईच्या माणसाला खुपतं. एरवी हे लेप फॉल्स सीलिंगच्या वर, कोणाच्या नजरेला पडणार नाहीत अशा जागी असतात. आमचा हॉल मुळात गोदाम म्हणून बांधलेला. गोदामाचं पॅकिंग झालं, वर सीलिंग आलंच नाही, आणि लेप उघडा राहून गेला.

रंग मारण्याआधी मी मॅडमना एक प्रश्न विचारला. साफ करण्याजोगं म्हणजे कसं? कोण साफ करणार, कशानं, किती दाबानं, किती दिवसांनी? त्यांना वाटलं मी टाळतोय. "धुता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "कुठलं?" मी विचारलं. "सगळं."

मग आम्ही दोघं नियम उघडून बसलो. अन्नस्वच्छतेची जी आंतरराष्ट्रीय मूळ संहिता आहे, कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची १९६९ची आणि नंतर वेळोवेळी सुधारलेली, तिच्यात छताबद्दलची अपेक्षा अगदी नेमकी आहे: मळ आणि दव साठणं कमीत कमी व्हावं, आणि कण गळू नयेत. छत पाण्यानं धुता यावं, असं तिथं सरसकट म्हटलेलं नाही. उलट आमच्या पॅकिंग हॉलमधला माल कोरडी पावडर, आणि कमी ओलाव्याच्या पदार्थांसाठी कोडेक्सची २०१५ची वेगळी संहिता आहे. तिचा सगळा रोख असा की कोरड्या भागात पाणी शक्यतो आणूच नका. साल्मोनेला कोरड्या पावडरीत महिनोन्महिने निपचित तग धरतो आणि ओल मिळाली की वाढायला लागतो. म्हणजे हॉलचे बीम होजपाइपने धुणं हे स्वच्छतेच्या नावाखाली उलटंच काम झालं असतं.

दुपारभर बसून आम्ही नकाशावर तीन रंग भरले. पॅकिंग हॉलचा वरचा भाग: फक्त व्हॅक्यूम आणि कोरडं किंवा जेमतेम ओलं कापड. वॉश एरियाचा वरचा भाग: ओलं कापड, सॅनिटायझर आणि वाफेचे शिंतोडे. आणि दोन्हीकडच्या कॉलमचा जमिनीपासून अडीच मीटरपर्यंतचा भाग, जिथं ब्रश, फोम, पाणी आणि ट्रॉल्यांचे धक्के, सगळंच येणार. मॅडमनी शेवटचा रंग भरला आणि म्हणाल्या, "हे गोदाम आमच्या ताब्यात देतानाच करायला नको होतं का?" करायला हवं होतं. तेव्हाही मीच होतो मेंटेनन्सला.

दुसरे मार्ग नव्हते असं नाही. खाली धुता येणारं सीलिंग टांगायचं, तर वर एक न दिसणारी पोकळी तयार होते. तिच्यात धूळ आणि किडे राहणार आणि डक्टच्या दुरुस्तीला रोज कोणीतरी चढणार. सगळे बीम पत्र्यानं मढवायचे, तर तीच पोकळी प्रत्येक बीमभोवती. लेप खरवडून त्या जागी फुगणारा रंग द्यायचा, हा दिसायला सगळ्यांत देखणा उपाय. तो रंग एरवी गुळगुळीत, पातळ थर असतो आणि आगीत तापला की फुगून जाड कोळशी फेस होतो. नवीन इमारत असती तर मी तोच घेतला असता. पण चालू प्लँटमध्ये सगळा लेप खरवडायचा, स्टील साफ करायचं, त्याची धूळ आवरायची, आणि तोवर इमारत आगीच्या बाबतीत उघडी. विमा कंपनीच्या माणसाने एवढं ऐकूनच हात जोडले.

राहिलं सीलिंग. म्हणजे छत नव्हे, सील करणं. या दोन शब्दांनी आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये एकदा तरी गोंधळ घातला.

सील करण्याची ही विद्या मुळात अॅस्बेस्टॉसच्या कामातून आलेली आहे. जुन्या इमारतींतला अॅस्बेस्टॉसचा, म्हणजे फुप्फुसांना घातक अशा खनिज तंतूंचा, लेप काढणं शक्य नसेल तिथं त्याला जागच्या जागी कोंडून ठेवतात. त्यासाठी दोन जातीची द्रव्यं: एक आत मुरून कण एकमेकांना बांधणारं, दुसरं वरून कातडीसारखं पसरणारं. अमेरिकेत फवारणीच्या फायरप्रूफिंगमधल्या अॅस्बेस्टॉसवर १९७३ साली बंदी आली. इतरत्र वर्षं वेगवेगळी. इमारत जुनी असेल तर नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय लेपाला बोटही लावू नये. आमची इमारत नवी, लेपाच्या पिशव्यांचे कागद फाइलमध्ये. तरीही मी एक नमुना पाठवला. शून्य आलं. बरं वाटलं.

आता जे आहे त्याची तपासणी. ती मी सगळ्यांत कंटाळून सुरू केली आणि सगळ्यांत जास्त शिकलो ती तिथंच. सील केलं की खालचं दिसणार नाही, म्हणून जे बघायचं ते आधीच. जाडी मोजायला एक सुई असते, तिच्यावर सरकती चकती. सुई स्टीलला टेकेपर्यंत खुपसायची, चकती पृष्ठाला लावायची, बाहेर काढून वाचायचं. सिझर लिफ्टवर उभा राहून मी तीन दिवस बीम टोचत होतो. बहुतेक ठिकाणी जाडी ठीक. पण जिथं जिथं केबल ट्रेचे क्लॅम्प बसवले होते, तिथं इलेक्ट्रिशियनने लेप खरवडून स्टील उघडं करून ठेवलेलं. क्लॅम्प बसला, लेप परत कोणी लावला नाही. असे अठ्ठावीस खड्डे मोजले. काही मी स्वतः पास केलेल्या कामातले.

मग ओढून पाहण्याची चाचणी, एएसटीएम ई ७३६ या अमेरिकी मानकाप्रमाणे. बरणीच्या झाकणाएवढी, साधारण ८ सेंटिमीटर व्यासाची टोपी, मध्ये हूक. टोपीत चिकट फोम भरून लेपावर दाबायची, वाळू द्यायची, मग हुकात स्प्रिंगचा काटा अडकवून सावकाश ओढायचं. इंटरनॅशनल बिल्डिंग कोड या अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या बांधकाम संहितेत साध्या इमारतीसाठी किमान ७.२ किलोपास्कल धरतात. ऐकायला जड वाटतं, पण त्या टोपीच्या मापात हिशेब केला तर जेमतेम ४ किलोची ओढ. लेपाला स्वतःचं वजन पेलून वर थोडं शिल्लक राहावं, एवढंच. उंच इमारतींसाठी हा आकडा २००९च्या आवृत्तीपासून वाढवला, १२८ मीटरपलीकडे तर ४७.९ किलोपास्कल. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या चौकशीत लेप उडून गेल्यानं स्टील उघडं पडल्याचं पुढं आलं, त्यानंतरची ही गोष्ट. आमची इमारत एकमजली, म्हणून ७.२च.

हा ४ किलोचा आकडा मी वहीत मोठा लिहून ठेवला. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून घ्यावा लागला.

बारा जागी ओढलं. अकरा जागी काटा ४च्या बराच पुढे गेला. बाराव्या जागी, वॉश एरियातल्या एका बीमवर, टोपी हातातच आली. तिच्यामागे तळहाताएवढा ओला लगदा. वर थंड पाण्याचा पाइप होता. त्याच्या इन्सुलेशनचा सांधा उघडा पडलेला, तिथं हवेतला ओलावा दव होऊन बीमवर ठिबकत होता. किती दिवस, कोण जाणे. लेप ते निमूटपणे पीत होता, म्हणून खाली थेंबही पडत नव्हता आणि कोणाला पत्ता नव्हता. लगदा काढला तर आतला फ्लँज, म्हणजे बीमची आडवी पट्टी, गंजलेला. पहिल्या आठवड्यात रंग मारला असता तर ते पाणी कायमचं आत कोंडलं असतं.

तो बीम दोन मीटरपर्यंत उघडा केला, गंज साफ केला, पाइपचं इन्सुलेशन बाष्परोधक थरासकट नव्यानं बांधलं आणि मग लेप पुन्हा लावला. अठ्ठावीस खड्डेही त्याच मिश्रणाने भरले. आणि थांबलो. वरून सुकल्यासारखा दिसणारा लेप आतून ओला असतो, पूर्ण सुकायला त्याला आठवडे लागतात, आणि हवा खेळती ठेवावी लागते. मी दुरुस्तीच्या जागी पॉलिथिनचे चौकोन चारही कडांनी टेपने चिकटवले. दुसऱ्या दिवशी आतून धुकं धरलेलं दिसलं. आठवड्यानंतरही तेच. मॅनेजर रोज विचारायचे, "सुकलं का?" चौथ्या आठवड्यात प्लास्टिक कोरडं निघालं.

दरम्यान नमुन्यांचं काम सुरू होतं. आमच्या फरशीचा इपॉक्सी करणारा ठेकेदार म्हणाला, फरशीवरचाच इपॉक्सी वर मारतो, काचेसारखं होईल, आयुष्यभर बघायला नको. मला पटलं. खरंच पटलं. फरशीवर फोर्कलिफ्ट फिरतात आणि त्या इपॉक्सीला काही होत नाही, मग वरच्या बीमवर काय होणार? एका आडबाजूच्या बीमवर मीटरभर पट्टा करून घेतला. पहिले दहा दिवस मी लोकांना तो दाखवायला नेत होतो. तिसऱ्या आठवड्यात त्याची कड वळली. बोट घालून ओढली तर अख्खा पट्टा सालासारखा सुटून आला, आणि त्याच्या पाठीला लेपाचा जाड थर चिकटलेला. इपॉक्सी कुठंच सुटला नव्हता. सुटला होता लेप, आतल्या आत फाटून. कागदावर घट्ट बसलेली टेप ओढली की कागद फाटतो, तसं.

कारण त्या ४ किलोत होतं. कुठलाही रंग सुकताना थोडा आकसतो. काँक्रीटवर ही ओढ कोणाच्या खिजगणतीत नसते, कारण काँक्रीटची पकड आमच्या लेपापेक्षा शेकडो पट. इथं मात्र वरची कातडी जितकी कडक आणि जाड, तितकी ती खालच्याला जास्त ओढणार. मला मजबूत रंग नको होता. मला लवचिक रंग हवा होता, जो लेपाच्या कुवतीइतकीच मागणी करील.

मग लेपाच्या उत्पादकाला लिहिलं. पहिलं उत्तर आलं, 'आमची हरकत नाही.' फायर कन्सल्टंटने ते पत्र वाचून परत केलं. "हरकत नाही म्हणजे चाचणी केली आहे असं होत नाही," ते म्हणाले, आणि मला पुढच्या पत्राचे प्रश्न स्वतः लिहून दिले. कोणता सीलर, नावानिशी? किती जाडीपर्यंत? त्या जोडीची ओढ-चाचणी झाली आहे का? सीलरमुळे अग्निरोधाचा कालावधी बदलतो का? सीलरवर आग किती पसरते? हा शेवटचा प्रश्न मला सुचलाच नसता. लेप जळत नाही, पण त्यावर सगळ्या हॉलभर जळणारा प्लास्टिकचा रंग पसरून ठेवला तर काय मिळवलं?

दुसरं उत्तर यायला पाच आठवडे लागले, पण ते कामाचं होतं. पाण्यात मिसळणारा लवचिक अॅक्रिलिक सीलर चालेल, अमुक नावाचा. पहिला हात पातळ करून. एकूण सुक्या थराला मर्यादा दिलेली. सॉल्व्हंटचा रंग नको. लेप पूर्ण सुकलेला हवा. आणि सीलरची जाडी अग्निरोधाच्या जाडीत धरायची नाही, हे वेगळं अधोरेखित केलेलं.

कामासाठी सलग नऊ दिवसांचं शटडाउन मिळालं. त्यातले पहिले दोन झाकण्यातच गेले: मशीन, कन्व्हेयर, दिवे, स्प्रिंक्लरचे हेड. स्प्रिंक्लरच्या हेडवर रंगाचा थेंब पडला तर ते बदलावं लागतं, पुसून चालत नाही. म्हणून प्रत्येकावर पिशवी, आणि काम संपल्यावर पिशव्या मोजून काढायच्या. मोजताना एक कमी भरली तेव्हा रात्री बारा वाजता आम्ही ती शोधत होतो.

मग बीम साफ करणं. कॉम्प्रेस्ड एअरने उडवायला सक्त मनाई, कारण बीमवरची ती पावडर हवेत गेली की जळणारी धूळ. धूळस्फोटाच्या नियमांत आडव्या पृष्ठांवर ०.८ मिलीमीटरचा थरसुद्धा काळजीचा धरतात, आणि आमच्या काही खालच्या फ्लँजवर पावडर त्याहून जाड बसलेली. आगीपासून वाचवायला लावलेल्या लेपाच्या खरबरीत अंगावर आम्ही सहा वर्षं इंधन साठवत होतो. अगदी बारीक कणही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा, धूळस्फोटापासून सुरक्षित व्हॅक्यूम आणि मऊ ब्रश घेऊन दोन माणसांनी ते काढलं. तारेचा ब्रश मी गेटवरच काढून घेतला होता.

रंगाऱ्यांचे मुकादम वयानं मोठे, बोलायला कमी. पहिल्या बीमवर हात फिरवून म्हणाले, "साहेब, ही भिंत नाही. हा स्पंज आहे." एअरलेस मशीनचा दाब त्यांनी जमेल तितका उतरवला आणि पहिला हात लांबून, धुक्यासारखा मारला. जवळून मारला तर फवाऱ्यानेच लेप उडतो. एका कोपऱ्यात एका पोऱ्याने तसं केलं आणि वाटीएवढा खड्डा पाडला. पातळ सीलर लेपात दिसेनासा झाला. दोन तासांनी बोट फिरवलं तर भुगा येणं थांबलेलं होतं. मला तो क्षण सगळ्या कामातला सगळ्यांत समाधानाचा वाटला, पण मुकादम तेव्हा डबे मोजत होते आणि त्यांचा चेहरा पडलेला होता.

डब्यावर लिहिलेला पसारा, म्हणजे माल किती जागेला पुरेल तो आकडा, सपाट पृष्ठासाठीचा असतो. खरबरीत लेपाचं खरं क्षेत्रफळ नकाशातल्या क्षेत्रफळाच्या कितीतरी जास्त, वर तो पितोही. माझ्या हिशेबाने पुऱ्या हॉलला पुरणारा माल दोन तृतीयांश हॉलमध्ये संपला. मी दीडपट मागवायला हवा होता. मला वाटलं होतं मी सढळ हाताने धरलंय. सुदैवाने पुढची खेप दीड दिवसात आली, आणि तो दीड दिवस आम्ही कॉलमच्या खालच्या भागाला पत्रे बसवण्याला दिला.

थराची जाडी मोजायचाही प्रश्न होता. चुंबकावर चालणारं गेज सरळ स्टीलपर्यंतचं अंतर सांगतं, म्हणजे लेपासकट. आणि ओल्या रंगात टेकवायचा कंगवा खरबरीत पृष्ठावर खोटं बोलतो. मुकादमांनी युक्ती सांगितली. फवारण्याआधी बीमवर पत्र्याचे छोटे सपाट तुकडे टेपने डकवायचे, त्यांच्यावरही तोच हात बसतो, सुकल्यावर तुकडा काढून मोजायचा आणि ती जागा ब्रशने भरायची. प्रत्येक बीमला तीन तुकडे. त्यांच्यामागे तारीख आणि बीमचा नंबर लिहून ते आजही माझ्या कपाटात आहेत.

रंगाची कल्पना मात्र माझी, त्या काळ्या हातमोज्यावरून सुचलेली. लेप करडा, माल फिकट, सीलर पांढरा. पुढच्या वेळी बोटावर काय आलं हे पुन्हा कळलं नसतं. म्हणून दुसरा हात निळा आणि तिसरा पांढरा घेतला. निळ्याचा पहिला फायदा लगेच दिसला: पांढरा मारताना कुठं सुटलं ते लांबूनही लपत नव्हतं. बॅटरी बीमला चिकटवून तिरप्या उजेडात पाहिलं की टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसायची, शेकड्यांनी. फवाऱ्याने ती भरत नाहीत, ब्रशनेच, एकेक. वरच्या फ्लँजच्या पाठीमागची बाजू डोळ्यांना दिसत नव्हती, तिथं दांड्याला आरसा बांधला. हँगर रॉड जिथं लेपातून बाहेर येतात तिथं लवचिक सीलंट. या बारीकसारीक कामाला फवारणीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

कॉलमचा खालचा अडीच मीटर आम्ही सीलरच्या भरवशावर सोडला नाही. तिथं सीलर मारून वर स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचं आवरण, पायाशी काँक्रीटचा उंच कट्टा, म्हणजे ट्रॉली आधी कट्ट्याला आदळेल आणि फरशीवरचं पाणी पत्र्याखाली शिरणार नाही. वरची कड उतरती करून सील केली, तिथं धूळ बसायला जागाच नको. पोकळी नको असं मीच बीमच्या वेळी म्हणालो होतो, आणि मॅडमनी ते मला ऐकवलंही. कॉलमला दुसरा इलाज नव्हता. होजपाइप आणि ब्रश रोज झेलणारा रंग त्या मऊ लेपावर टिकत नाही.

सीलर नीट मुरल्यावर पुन्हा ओढ-चाचणी. यावेळी टोपीच्या कडेनं सीलर ब्लेडने गोल कापून घेतला. नाहीतर कातडी आजूबाजूचा आधार घेते आणि आकडा फुगून येतो. फाटलं ते प्रत्येक वेळी लेपाच्या आत, आधीच्याच आकड्यांच्या आसपास. सीलर आणि लेप यांच्यामध्ये कुठंच सुटलं नाही. फायर कन्सल्टंटने फाइल चाळली: जाडीच्या नोंदी, खड्ड्यांचे आधीचे-नंतरचे फोटो, उत्पादकाचं पत्र, पत्र्याचे तुकडे. सही करताना म्हणाले, "उद्या कोणी नवा क्लॅम्प बसवला तर?" त्यासाठी परवानगीचा एक फॉर्म त्याच दिवशी तयार केला. आता क्लॅम्प मागणाऱ्याला लेप आणि तिन्ही हात पूर्ववत करून दाखवल्याशिवाय बिल पास होत नाही.

ऑडिटर फेरतपासणीला आला तेव्हा हातमोजे काळेच होते. त्याने तीन बीमवर बोट फिरवलं, नकाशा मागितला, सफाईची पद्धत वाचली. हॉलचे बीम पाण्यानं का धुवायचे नाहीत, यावर थोडा अडला; मॅडमनी २०१५ची संहिता पुढं ठेवली. ओळ बंद झाली.

सफाईच्या लोकांना मी स्वतः शिकवलं. वर प्रेशर गन चालवायची नाही, पत्र्याच्या वर तर कधीच नाही. कडक ब्रश नाही. पांढरं पुसताना कुठं निळा दिसला की काम थांबवून मला बोलवायचं, कारण निळ्याच्या खाली एकच पातळ हात आणि मग लेप.

सात महिन्यांनी रात्रपाळीच्या मावशींनी फोन केला. "साहेब, निळं दिसतंय." वॉश एरियातला चौथा कॉलम, पत्र्याच्या वर दोन विती. रुपयाएवढा निळा ठिपका, त्याच्या मधोमध करडं, आणि भोवती पाण्याने तासल्यासारख्या रेघा. गन कोणी चालवली ते मी विचारलं नाही. मावशी मात्र माझ्या मागे उभ्या असलेल्या पोऱ्याकडे बघत होत्या. बोट लावून पाहिलं. ओलं होतं. सकाळपर्यंत सुकायला पंखा लावला आणि कपाटातून सीलरचा उरलेला डबा काढला.